शिक्षकाचा एक फोन, चोवीस मुलं: वाचन आणि गणित तपासण्याची पद्धत

तिसरीतल्या एका मुलीच्या नोंदवहीत मी दोन महिने 'अडखळत वाचते' असा शेरा लिहीत होते. एक दिवस तिचं वाचन फोनवर रेकॉर्ड केलं आणि संध्याकाळी घरी निवांत ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं, साधे शब्द ती झरझर वाचते. थांबते फक्त 'सूर्य', 'गर्दी', 'वर्ग' अशा शब्दांशी. रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो, पण उच्चारायचा त्या अक्षराच्या आधी, हे तिला समजलेलं नव्हतं. वर्गात पंचवीस आवाजांमध्ये ते मला ऐकू आलं नव्हतं. पुढचे चार दिवस रोज दहा मिनिटं फक्त रफाराचे शब्द घेतले आणि तो अडसर बराचसा गेला. 'अडखळत वाचते' या शेऱ्यातून मात्र दोन महिन्यांत काहीही हाती लागलं नव्हतं.

मी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, मिळून चोवीस मुलं. शाळेत टॅब नाहीत, मुलांकडे फोन नाहीत, आहे तो माझा एक अँड्रॉइड फोन. त्याच्या जोरावर गेली काही वर्षं मी जे करते ते इथे पायरीपायरीने सांगते. माझा अनुभव असा की यात ॲपपेक्षा फोनमधला रेकॉर्डर आणि कॅमेरा जास्त कामाला येतो. आणि मुलाला किती गुण पडले यापेक्षा ते त्या उत्तरापर्यंत कसं पोचलं, हे पकडायला फोन वापरावा.

खरं तर हेच आपल्याकडून अपेक्षित आहे. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तिसरी-चौथीला ६० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे शिकता शिकता चालणाऱ्या तपासणीला, आणि ४० टक्के संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या मूल्यमापनाला. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनतंत्रं दिली. कल्पना सुंदर आहे. पण सत्राच्या शेवटी एका बैठकीत सगळे रकाने भरले की ती कल्पना तिथेच संपते. निरीक्षण ज्या दिवशी झालं त्याच दिवशी टिपलं गेलं तरच ते निरीक्षण, आणि त्यासाठी खिशातला फोन सगळ्यात जवळचा.

सुरुवात करण्याआधी

पहिलं काम गावाशी बोलण्याचं. वर्गात शिक्षक फोन घेऊन बसलेला खिडकीतून दिसला की गावात काय बोललं जातं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून जूनमधल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत फोन टेबलावर ठेवून सांगा: यात मुलांचं वाचन रेकॉर्ड होणार, वहीचे फोटो निघणार, चेहऱ्याचे नाहीत. एखादं रेकॉर्डिंग ऐकवूनही दाखवा. मग पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. मुलाचा अडखळणारा आवाज ही त्याची खासगी गोष्ट आहे. तो स्टेटसला, शिक्षकांच्या ग्रुपवर किंवा केंद्राच्या ग्रुपवर टाकायचा नाही, कौतुक म्हणूनसुद्धा नाही.

मुलांनाही सांगा. "हा फोन मी तुमचं वाचन नंतर पुन्हा ऐकायला वापरते" एवढं पुरतं. आठवडाभरात त्यांना त्याचं काही वाटेनासं होतं.

मग फोनची तयारी. शाळेच्या कामासाठी वेगळं गुगल खातं काढा, म्हणजे वहीचे फोटो घरच्या लग्नाच्या फोटोंत मिसळणार नाहीत. फोनला लॉक हवंच. रेकॉर्डिंग करताना एअरप्लेन मोड लावा, नाहीतर ऐन वाचनात फोन वाजतो आणि मूल जे दचकतं ते पुन्हा लयीत येत नाही. फाइलचं नाव पहिल्या दिवसापासून एका साच्यात ठेवा: इयत्ता, हजेरी क्रमांक, महिना. 'तिसरी ०७ जुलै'. मुलाचं नाव नको. फोन हरवला तरी कोणाला काही कळता कामा नये.

वाचन ऐकण्याची रीत

सगळ्या गोष्टींत हीच सगळ्यात मोलाची, म्हणून इथे जरा थांबते.

उतारा असा निवडा की मुलांनी तो आधी वाचलेला नाही, पण शब्द त्यांच्या इयत्तेचे आहेत. पाठ्यपुस्तकातला पाठ घेतला तर निम्मी मुलं पाठ केलेलं म्हणतात आणि आपण फसतो. साधारण ऐंशी ते शंभर शब्द असावेत. उतारा मोठ्या अक्षरात एका कागदावर घ्या आणि स्वतःसाठी प्रत्येक मुलामागे त्याची एक झेरॉक्स ठेवा, खुणा करायला.

मुलाला वर्गाबाहेर, ओट्यावर किंवा व्हरांड्यात शेजारी बसवा. रोज चारच मुलं. चोवीस मुलांना सहा दिवस लागतात आणि एका मुलाला तीन मिनिटांच्या वर वेळ जात नाही. तेवढा वेळ बाकीच्यांना गटात काम द्या. फोन मुलाच्या हातात देऊ नका, समोरही धरू नका, बाजूला उपडा ठेवा. घड्याळ दाखवू नका. मिनिटाचा हिशेब आपण रेकॉर्डिंगवरून नंतर करायचा असतो. मूल अडलं तर तीन-चार सेकंद थांबा, मग शब्द सांगून पुढे जाऊ द्या. वाचून झालं की उताऱ्यावर दोन प्रश्न विचारा, एक सरळ आणि एक 'असं का झालं असेल' प्रकारचा, आणि उत्तरंही रेकॉर्ड होऊ द्या. उताऱ्याची शर्यत लावून धावलेलं मूल दुसऱ्या प्रश्नाला गप्प बसतं. ते कळणं वेगापेक्षा महत्त्वाचं आहे.

संध्याकाळी ऐकताना झेरॉक्सवर खुणा करा. चुकीच्या शब्दावर काट, गाळलेल्या शब्दाभोवती गोल, स्वतःहून सुधारला तर बरोबरची खूण (स्वतः सुधारलेला शब्द बरोबरच धरायचा), आणि एका मिनिटाला जिथे पोचलं तिथे उभी रेघ. समजा रेघ ५८ व्या शब्दावर आली आणि नऊ शब्द चुकले, तर मिनिटाला ४९ शब्द बरोबर. पायाभूत वाचन आणि गणितासाठी केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्याच्या लक्ष्यांत दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणं अपेक्षित आहे. हा आकडा दिशा म्हणून ठेवा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'घरासमोरच्या' हा एकच शब्द मोजला जातो. त्यामुळे दोन उताऱ्यांचे आकडे एकमेकांशी सहज जुळत नाहीत. तुलना करायची असेल तर तोच उतारा तीन महिन्यांनी पुन्हा द्या.

आकडा काढून थांबलात तर मात्र मेहनत वाया गेली. चुकांचे प्रकार लिहा. माझ्याकडे नेहमी सापडणारे असे: रफार, 'क्ष' आणि 'ज्ञ', ऱ्हस्व-दीर्घामुळे नव्हे तर अंदाजाने शब्दाचा शेवट बदलणं ('गेला'चं 'गेली'), ओळ संपल्यावर पुढची ओळ सोडून देणं. शेवटच्या प्रकारात आधी डोळे तपासून घ्या. आमच्याकडे एका मुलाला पहिल्या बाकावर बसवून काही फरक पडला नाही, चष्मा लागल्यावर पडला.

आणि बोलीभाषेची गोष्ट. माझी मुलं घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत 'ळ'च्या जागी बऱ्याचदा 'य' येतो. 'डोळा'चा 'डोया', 'शाळा'ची 'शाया', 'काळा'चा 'काया'. मुलगा पानावर 'शाळा' बघतो, अर्थ ओळखतो आणि तोंडातून 'शाया' येतं. ही वाचनाची चूक नाही. उलट त्याने शब्द ओळखून आपल्या भाषेत आणला, म्हणजे त्याला अर्थ लागला. मूल वाचतं ते ऐकून आपोआप गुण देणारी ॲप आता मराठीतही आहेत. घरी सरावाला ती वापरायला माझी हरकत नाही, पण ती असा शब्द चूक धरण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून मूल्यमापनाचा निकाल त्यांच्यावर सोडू नका. कोरकू, गोंडी, पावरी, वारली बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकांना तर हे आणखी जपावं लागेल. प्रमाण उच्चार शिकवायचा आहेच, पण तो वेगळ्या रकान्यात, वेगळ्या दिवशी.

वहीचा फोटो: चूक कुठून आली

गणितात कॅमेरा. वह्या तपासताना उत्तर चुकलं की आपण काट मारतो आणि पान उलटतो. त्याऐवजी चुकलेल्या उदाहरणाचा फोटो घ्या, आणि मुलाने पाटीवर किंवा वहीत मांडणी खोडलेली नसेल याची काळजी घ्या. 'खोडू नका, चुकलं तर एक आडवी रेघ मारा' हा नियम मी वर्षभर पाळायला लावते. आठवड्यातून एकदा हे फोटो सलग बघितले की एकेकट्या काटेत न दिसणारा साचा दिसतो.

३०४ वजा १२८ हे उदाहरण घ्या. बरोबर उत्तर १७६. ज्याला २२४ आलं, त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, हातचा घेतलाच नाही. ज्याला १८६ आलं, त्याला हातचा येतो, पण शतक फोडून आलेल्या दहा दशकांतला एक एककाला दिल्यावर नऊच उरतात हे त्याने धरलं नाही. ज्याला २७६ आलं, तो शतक फोडल्यावर तिथला एक कमी करायला विसरला. तिघांनाही शून्य गुण मिळतील, पण तिघांना शिकवायचं वेगळं आहे. पहिल्याला काड्यांच्या गठ्ठ्यांपासून सुरुवात, दुसऱ्याला शंभराची नोट सुट्टी करण्याचा खेळ, तिसऱ्याला फक्त मांडणीची सवय.

लेखी चुकीचं कारण समजलं नाही तर मुलाला तेच उदाहरण बोलत बोलत सोडवायला सांगा आणि आवाज रेकॉर्ड करा. "तू काय केलंस ते मला सांग" एवढंच म्हणा, मधे सुधारू नका. संख्यावाचनाच्या चुका यातच सापडतात. 'त्रेपन्न' ऐकून ३५ लिहिणारं मूल बेरजेत कच्चं नसतं. आपल्या भाषेत एकक आधी आणि दशक नंतर बोललं जातं, त्यात ते अडकलेलं असतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा बाहेर मोठा गदारोळ झाला. तेव्हाच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने मुलं गोंधळतात असा जो मुद्दा मांडला होता, तो मला माझ्या रेकॉर्डिंगमध्ये दर वर्षी ऐकू येतो.

संपूर्ण वर्गाची पाच मिनिटांत चाचपणी

एकेका मुलाचं झालं, पण उद्याचा पाठ पुढे न्यायचा की थांबायचं हे ठरवायला सगळ्या वर्गाचं एकदम कळावं लागतं. त्यासाठी प्लिकर्स हे साधन मला आवडतं. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर चौकटींचं चित्र, चार बाजूंना चार पर्यायांची बारीक अक्षरं. मूल आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतं. आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते फोनमध्ये येतं. प्रत्येक कार्डावरचं चित्र वेगळं असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून फायदा नसतो. मुलांकडे काहीच उपकरण लागत नाही.

कार्डं जाड कागदावर छापा आणि चकाकणारं लॅमिनेशन करू नका. उजेड पडला की कॅमेऱ्याला चित्र वाचता येत नाही. माझी पहिली चोवीस कार्डं अशीच वाया गेली. प्रोजेक्टर लागत नाही, प्रश्न आणि पर्याय फळ्यावर लिहा. प्रश्न आदल्या दिवशी नेट असलेल्या ठिकाणी भरून ठेवा आणि शाळेत रेंज कुठल्या कोपऱ्यात येते ते आधी बघून ठेवा. रेंजच नसेल तर दुसरी युक्ती: मुलं पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरतात आणि तुम्ही वर्गाचा एक फोटो काढता. चेहरे पाटीमागे जातात, उत्तरं सगळी फोटोत येतात. कितीतरी दिवस मी एवढंच करते.

खरी मेहनत पर्याय लिहिण्यात आहे. वरचं ३०४ वजा १२८ चं उदाहरण पर्यायांसह दिलं तर फोनवर नुसतं 'दहा बरोबर, चौदा चूक' येत नाही. चौदांपैकी नऊ जण २२४ वर असतील तर उद्या सगळ्यांना गठ्ठे, आणि १८६ वर असतील तर उद्या फक्त शून्याचा विषय. डोळे झाकून टाकलेले पर्याय काहीच सांगत नाहीत. म्हणून दिवसाला एकच प्रश्न विचारा, पण विचार करून.

गुगल फॉर्मबद्दल थोडक्यात. मोठ्या इयत्तांना आणि घरी फोन असलेल्यांना तो चालतो, पण मराठीत एक अडचण लक्षात ठेवा. लघुत्तर प्रश्नात फॉर्म अक्षर न अक्षर जुळवून बघतो. उत्तरसूचीत तुम्ही देवनागरी अंक भरले आणि मुलाने इंग्रजी अंकांत लिहिलं, तर बरोबर उत्तरही चूक ठरतं. 'पाणी'च्या जागी 'पाणि' लिहिलं तरी तसंच. एकाहून जास्त बरोबर रूपं उत्तरसूचीत घालता येतात, ती घाला, नाहीतर पर्यायी प्रश्नच ठेवा.

नोंद ठेवणं

एकच तक्ता ठेवा. फोनवर शीट उघडून डावीकडे हजेरी क्रमांक, वर कौशल्यं: रफार, जोडाक्षर, ओळीचा अर्थ, तर्काचा प्रश्न, हातचा, मधलं शून्य. खान्यात गुण भरू नका. 'जमतं', 'मदतीने', 'अजून नाही' यांची तीन अक्षरं पुरतात. फाइल ऑफलाइन उघडेल अशी सोय आधीच करून ठेवा.

वर्णनात्मक नोंदी मी बोलून लिहिते. कीबोर्डला मराठी भाषा जोडली की माइकचं बटण दाबून बोललेलं टंकलं जातं. विरामचिन्हं आणि नावं नंतर दुरुस्त करावी लागतात, तरी हाताने लिहिण्याच्या निम्म्या वेळात काम होतं. नोंद अशी हवी की दुसऱ्या शिक्षकाला उद्या काय करायचं ते कळावं. 'गणितात प्रगती चांगली' यातून काही कळत नाही. 'तीन अंकी वजाबाकी हातचा घेऊन करते, मधे शून्य आलं की थांबते, नोटांनी दाखवल्यावर जमतं' यातून कळतं. आणि प्रगती पुस्तकात हेच वाक्य जातं, सत्राच्या शेवटी वेगळं काही रचावं लागत नाही.

शनिवारी या तक्त्यावरून पुढच्या आठवड्याचे गट पाडा. हुशार गट आणि कच्चा गट असे कायमचे गट करू नका. एखादा मुलगा रफारासाठी एका गटात असेल आणि वजाबाकीत दुसऱ्यांना शिकवत असेल. गट पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकला तर समजावं की आपण तक्ता बघणं सोडलं आहे.

मुलाला आणि घराला परत काय द्यायचं

रेकॉर्डिंगचा सगळ्यात मोठा उपयोग मुलालाच ऐकवण्यात आहे. जुलैचं आणि ऑक्टोबरचं वाचन, तोच उतारा, एकामागून एक ऐकवा आणि विचारा, "काय बदललं?" मुलं आपल्यापेक्षा नेमकं सांगतात. एका मुलाने सांगितलं, "आधी मी पूर्णविरामाला थांबतच नव्हतो, मॅडम." हे मी त्याला दहा वेळा सांगून झालं होतं. मात्र हे एकट्याला ऐकवायचं, वर्गासमोर कधीच नाही.

पालकांना मजकूर पाठवण्यापेक्षा व्हॉइस नोट पाठवा. आमच्याकडच्या बऱ्याच आयांना लांब मराठी मजकूर वाचायला जड जातो, माझं बोलणं मात्र त्या स्वयंपाक करता करता ऐकतात. ग्रुपवर नाही, त्या एका घराला. अर्ध्या मिनिटापेक्षा लांब नको, आणि त्यात जमलेली एक गोष्ट आणि घरी करायची एक गोष्ट: "ताई, तुमच्या पोरीला आता मोठे शब्द वाचता येतात. आज रात्री तिच्याकडून दुकानाच्या पिशवीवरचं नाव वाचून घ्या." 'अभ्यास घ्या' म्हटलं की दिवसभर शेतात राबून आलेली आई नुसती अवघडते, पिशवी वाचून घेणं तिला जमतं. ज्या घरी स्मार्टफोन नाही, तिथला निरोप शेजारच्या घरी पाठवू नका, येता-जाता स्वतः सांगा. आणि घरी फोन असलेल्या मुलांना घरून पाठवलेल्या कामाचे जास्त गुण मिळणार नाहीत, हे स्वतःशी पक्कं ठरवा.

दिवाळीनंतर आमची काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुलाला हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे ठेवता आलं तर उत्तम, पण सगळ्यांना ते जमत नाही. अशा मुलांसोबत मी पाच उताऱ्यांचे कागद देते आणि वडिलांच्या फोनवर आठवड्याला एक वाचन पाठवायला सांगते. दर आठवड्याला येत नाही. कधी मागे ट्रॅक्टरचा आवाज असतो, कधी रात्रीचे दहा वाजलेले असतात. आलं की त्याच दिवशी ऐकून उत्तर देते, कारण उत्तर मिळालं नाही तर पुढचं वाचन येत नाही. मूल परत आल्यावर कुठून सुरुवात करायची हे त्या रेकॉर्डिंगवरून ठरतं, आणि त्याला पुन्हा पहिल्या पानावर बसवावं लागत नाही.

एप्रिलच्या शेवटी प्रत्येक मुलाचं एक पहिलं आणि एक शेवटचं रेकॉर्डिंग ठेवून बाकी सगळं पुसून टाका, वहीचे फोटोसुद्धा. तक्त्याची छापील प्रत पुढच्या इयत्तेच्या शिक्षकांच्या हातात द्या. चौथीची मुलं पाचवीला दुसऱ्या गावी जाणार असतील तर त्या शाळेत फोन करून पाच मिनिटं बोला, आणि ठेवलेली रेकॉर्डिंग पालकांना देऊन आपल्या फोनमधून काढून टाका.